दहा मिनिटांत बघून होणाऱ्या चॅपेलसाठी अर्धा दिवस का काढायचा?

तुमचा प्रश्न वाचला. मुलगा अमेरिकेत आर्कान्सा राज्यात, बेंटनव्हिलला नोकरीला. तुम्ही दोघं ऑक्टोबरच्या शेवटी तिकडे जाणार. जंगलात उभ्या असलेल्या काचेच्या चॅपेलचे, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराचे, फोटो बरीच वर्षं बघत आलात आणि आता ते थॉर्नक्राउन चॅपेल मुलाच्या घरापासून तासाभरावर आहे. पण मुलाचे मित्र म्हणतात, ‘काका, दहा मिनिटांत बघून होतं, त्यासाठी सुट्टीचा दिवस कशाला घालवता?’ त्यात तुमचे गुडघे कुरकुरतात, आपण ख्रिश्चन नाही तर आत जाणं बरं दिसेल का ही शंका आहे, आणि फोटोसाठी चांगली वेळ कोणती हेही हवंय.

मी आर्किटेक्ट आहे. लाकूड आणि काच हे माझ्या रोजच्या कामातलं साहित्य. थॉर्नक्राउनला एकटी गेले आहे, विद्यार्थ्यांना घेऊनही गेले आहे. मुलाचे मित्र खोटं बोलत नाहीयेत. दारातून शिरायचं, ‘वा!’ म्हणायचं, मान वर करून एक फोटो, बायकोचा एक फोटो, दोघांचा एक, आणि परत गाडीत. याला दहा मिनिटं पुष्कळ होतात. माझ्याबरोबर आलेले काही विद्यार्थीही पहिल्या खेपेला असेच बाहेर पडले होते आणि त्यांना परत आत पाठवावं लागलं. म्हणजे अडचण अंतराची नाही. आत गेल्यावर नक्की काय बघायचं हे कुणी सांगितलेलं नसतं, ही खरी अडचण आहे. ते ठाऊक असेल तर तासभर सहज जातो. नसेल तर दहा मिनिटंही जास्त वाटतील.

आधी आकाराचा अंदाज घ्या, कारण फोटो इथे फसवतात. फोटोत ते कॅथेड्रल वाटतं. प्रत्यक्षात लांबी 60 फूट, रुंदी 24 फूट, म्हणजे 1440 चौरस फूट. एखाद्या ऐसपैस फ्लॅटएवढी जागा. उंची मात्र 48 फूट, रुंदीच्या बरोबर दुप्पट, आणि सगळी गंमत त्या प्रमाणात आहे. 425 तावदानं आणि 6000 चौरस फुटांहून अधिक काच, म्हणजे जमिनीच्या चौपट काच. हिशोब केलात तर एकेक तावदान सरासरी चौदा-पंधरा चौरस फुटांचं येतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हे उभं कसं राहिलं? जिम रीड नावाच्या शिक्षकांनी निवृत्तीनंतर राहायला म्हणून ओझार्क डोंगरांत ही जमीन घेतली. जागा इतकी देखणी की येणारे-जाणारे रस्त्यावर गाडी थांबवून त्यांच्या आवारात शिरायचे. माणूस असा की कुंपण घालायच्या ऐवजी त्यांनी ठरवलं, या लोकांसाठी इथे एक प्रार्थनेची जागा बांधायची. ते गेले आर्किटेक्ट ई. फे जोन्स यांच्याकडे. जोन्स आर्कान्साचेच, विसाव्या शतकातले नामवंत अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे उमेदवारी केलेले आणि फेएटव्हिलच्या विद्यापीठात वास्तुकला शिकवणारे. मोठ्या शहरात मोठं ऑफिस थाटायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. 1980च्या जुलैत चॅपेल उघडलं. 1990 साली जोन्स यांना अमेरिकन आर्किटेक्ट संस्थेचं सुवर्णपदक मिळालं आणि 2006 साली याच इमारतीला त्या संस्थेचा पंचवीस वर्षांच्या कसोटीला उतरलेल्या वास्तूसाठीचा पुरस्कार. अमेरिकेत ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत येण्यासाठी इमारत साधारण पन्नास वर्षांची असावी लागते. थॉर्नक्राउन विसाव्या वर्षीच, 2000 साली, त्या यादीत गेलं. पुरस्कारांवरून इमारत बघायला जाऊ नये असं माझं मत आहे, पण मुलाच्या मित्रांना सांगायला हे उपयोगी पडेल.

आता बघायचं काय ते सांगते. जोन्स यांनी स्वतःला एक अट घालून घेतली होती: दोन माणसं जंगलातल्या पायवाटेने जे उचलून नेऊ शकतील, त्याहून मोठा एकही तुकडा वापरायचा नाही. क्रेन आत आणायची तर रस्ता करावा लागणार, रस्ता केला की झाडं जाणार, आणि झाडं गेली की काचेला काही अर्थच उरत नाही. ही एवढी एक अट धरून पुढे चाललात तर जवळजवळ सगळी इमारत तुम्हाला स्वतःच सुचत जाते. मोठे खांब नाहीत, मोठ्या तुळया नाहीत. दोन बाय चार, दोन बाय सहा, दोन बाय बारा इंचांच्या पाइनच्या फळ्या, ज्या तिकडे कुठल्याही लाकडाच्या वखारीत मिळतात. काचेचे तुकडे लहान, कारण तेही हातानेच न्यायचे. वर सांगितलेला तावदानाचा आकडा इथून आला. बारीक लाकडं घ्यायची तर ताकद कुठून आणायची? संख्येतून आणि विणीतून. बुरूड डालगं विणतो तेव्हा एकेक काडी चिमटीत मोडेल अशी असते, पण विणलेलं डालगं ओझं घेऊन उभं राहतं, तसंच हे.

या फळ्या तिरप्या जोडून केलेले छपराचे सांगाडे म्हणजे कैच्या. त्या त्यांनी जमिनीवर जोडल्या आणि मग उभ्या केल्या. आत बसून वर पाहिलंत की एकामागे एक अशा तिरप्या फळ्यांच्या फुल्या दिसतात, आणि मागच्या फुल्या पुढच्यांमधून डोकावत असल्यामुळे वरचा सगळा भाग फांद्यांच्या गर्दीसारखा होतो. हे नुसतं सजावटीसाठी केलेलं नाही. पॅरिसमध्ये सेंट-शापेल नावाचं तेराव्या शतकातलं चॅपेल आहे, दगडी सांगाडा आणि बाकी सगळी रंगीत काच. जोन्स यांनी प्रेरणा घेतली ती तिथून. पण अशा जुन्या गॉथिक, म्हणजे मध्ययुगातल्या उंच, टोकदार कमानींच्या शैलीतल्या इमारतींत दगडी कमानींचं वजन भिंतींना बाहेर ढकलतं, म्हणून भिंतींना बाहेरून दगडी टेकू द्यावे लागतात. थॉर्नक्राउनला बाहेर टेकू द्यायला जागाच नव्हती, झाडं होती. म्हणून इथे हिशोब उलटा केला आहे: भिंतींना बाहेरून रेटायचं नाही, आतून ओढून धरायचं. छपराच्या वजनाने दोन्ही बाजू फाकू बघतात आणि वरच्या त्या आडव्यातिडव्या फळ्या त्यांना एकमेकींकडे खेचून ठेवतात. रेटा घेणाऱ्या लाकडाला जाडी लागते, नाहीतर ते वाकतं. ताण घेणारं लाकूड बारीक असलं तरी चालतं. म्हणून ते सगळं इतकं नाजूक दिसू शकतं. या शैलीला जोन्स गमतीने ‘ओझार्क गॉथिक’ म्हणायचे.

आणि आता ती एक गोष्ट, जिच्यासाठी मी विद्यार्थ्यांना परत आत पाठवते. फुलीच्या मध्यावर बघा. दोन तिरप्या फळ्या एकमेकींना छेदतात तिथे साधा सुतार काय करेल? एकीवर दुसरी ठेवून बोल्ट मारेल, किंवा खाच पाडून बसवेल. तिथे लाकडाची जाड गाठ तयार होते, आणि नजर नेमकी तिथेच जाऊन अडते. जोन्स यांनी तो मध्य रिकामा सोडला आहे. फळ्या मध्यापर्यंत पोचतच नाहीत. त्यांच्यामध्ये पोलादाची एक शंकरपाळ्याच्या आकाराची पोकळ चौकट आहे, आणि जोर त्या चौकटीभोवतून फिरून पलीकडे जातो. मध्ये भोक, त्या भोकातून उजेड. जिथे सगळ्यांत घट्ट, सगळ्यांत भरीव काहीतरी असायला हवं असं आपल्याला वाटतं, तिथे आभाळाचा तुकडा दिसतो. या सांगाड्यात पोलाद आहे ते एवढंच. ते डोक्याच्या बरंच वर असल्यामुळे पटकन लक्षात येत नाही. एकदा एक दिसलं की मग सगळी दिसायला लागतात. चष्मा दूरचा घेऊन जा. छोटी दुर्बीण असेल तर उत्तमच, मी नेतेच.

खाली बघायलाही विसरू नका. दगडी जोतं आणि फरशी तिथल्याच दगडाची आहे, ते वजन शंभर टनांहून अधिक. वरचं सगळं हलकं, खालचं सगळं जड. लाकडाला दिलेला करडा रंग हाताने चोळून बसवलेला आहे, बाहेरच्या झाडांच्या सालीशी मिळताजुळता. काचेच्या अलीकडचा खांब आणि पलीकडचं खोड यांत क्षणभर गल्लत होते ती त्यामुळे. वार्निश मारून लाकूड चकचकीत केलं असतं तर हा सगळा खेळ फुकट गेला असता. माझ्या धंद्यात गिऱ्हाईक बहुतेक वेळा चकचकीतच मागतं, म्हणून हे जरा जास्तच डोळ्यात भरतं.

बसायचं कुठे? शिरल्या शिरल्या पुढे जाऊ नका. सगळ्यात मागच्या बाकावर, मधल्या वाटेच्या कडेला बसा. तिथून सगळ्या कैच्या एका रांगेत दिसतात. दहाएक मिनिटं तिथेच. मग उठून एका बाजूच्या भिंतीजवळच्या जागेवर जा आणि समोरच्या क्रॉसकडे न बघता आडवं बघा, जंगलाकडे. इमारत एकदम वेगळी होते. मागून बघताना ती उंच होती, आता ती जवळजवळ नाहीशी होते. मग वाटलं तर पुढे जा. आणि एखादी बस आली, गर्दी झाली, तर वैतागून बाहेर पडू नका. वर सांगितलेल्या दहा मिनिटांच्या हिशोबाने ती माणसं आपोआप जातात, आणि पुढचा गट येईपर्यंत चॅपेल जवळजवळ तुमचंच असतं.

वेळ आणि ऋतू. यातलं बरंच हवेवर अवलंबून आहे, तेव्हा छातीठोक कुणी काही सांगू नये. ओझार्कमध्ये पानांचे रंग साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत भरात असतात. पाऊसपाणी आणि थंडी कशी पडते यावर आठवडाभर पुढेमागे होतं. ओक, हिकरी, मेपल अशी मिश्र झाडी आहे, त्यामुळे सगळं एकदम पेटत नाही, टप्प्याटप्प्याने होतं. तुमच्या तारखा चांगल्या आहेत. पण रंग हुकले तर हळहळू नका. पानं गळल्यावर बाहेरच्या फांद्यांचं जाळं आणि आतल्या फळ्यांचं जाळं एकमेकांत मिसळतं, आणि मला स्वतःला ते रूप लालपिवळ्या पानांपेक्षा जास्त आवडतं. रंगीत पानं असली की लोक पानंच बघतात.

दिवसाच्या वेळेचं म्हणाल तर, तिथे ऑक्टोबरअखेर सूर्य भर दुपारीही डोक्यावर येत नाही, क्षितिजापासून चाळीस-बेचाळीस अंशांपर्यंतच चढतो. आढ्याला काचेची लांब पट्टी आहे. उन्हं तिच्यातून आणि बाजूच्या तावदानांतून तिरपी उतरतात आणि कैच्यांच्या सावल्या फरशीवरून सरकत राहतात. अर्धा तास बसलात तर सावली एका बाकावरून दुसऱ्यावर गेलेली दिसेल. सकाळी उघडल्यावर लगेच जायला मी सांगेन. त्याचं कारण उजेडाइतकंच गर्दीचंही आहे. ऊन नसेल, ढग असतील, तरी बेत रद्द करू नका. ढगाळ दिवशी सावल्यांचा खेळ नसतो, पण काचेवरची चमक कमी होते आणि जंगल आत आल्यासारखं वाटतं. पावसात तर नक्कीच जा. फक्त दाट धुकं असेल तर मी एखादा दिवस थांबेन, तेही चॅपेलसाठी नाही, रस्त्यासाठी. बासष्ट नंबरचा हायवे त्या भागात भरपूर वळणांचा आहे.

रात्रीचे फोटो तुम्ही पाहिले असतील, त्यांत काचेत आतल्या दिव्यांची प्रतिबिंबं पडून दिवे बाहेर जंगलात लटकल्यासारखे दिसतात. ते दृश्य अप्रतिम असतं, पण ऑक्टोबरअखेर तिथे सूर्यास्त साडेसहाच्या सुमाराला होतो आणि पाहुण्यांसाठी चॅपेल त्याआधीच बंद झालेलं असतं. संध्याकाळी काही कार्यक्रम असेल तरच ते बघायला मिळतं. त्या आशेने बेत आखू नका.

आत जाण्याबद्दल मनात संकोच ठेवू नका. ही जागा वाटसरूंसाठी म्हणूनच बांधली, हे वर सांगितलंच. कुणीही कुणाला धर्म विचारत नाही. पण ते म्युझियमही नाही. रविवारी तिथे प्रार्थना होतात आणि लग्नंही बरीच लागतात. प्रार्थनेच्या वेळी गेलात तर शेवटपर्यंत बसायच्या तयारीने जा, मधे उठून फोटो काढायला नव्हे. चपला-बूट बाहेर काढायची पद्धत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण आपले लोक दारात हमखास घुटमळतात. टोपी काढावी, फोन गप्प करावा, खाणं गाडीत ठेवावं. तिथली एखादी व्यक्ती उठून चॅपेलची चार शब्दांत माहिती सांगते, तेव्हा बोलणं थांबवून ऐकावं. देणग्यांच्या बळावर सांभाळलेली जागा आहे, जाताना काहीतरी ठेवावं.

लग्नांवरून आठवलं. शनिवारी लग्नासाठी चॅपेल पाहुण्यांना लवकर बंद होऊ शकतं. हिवाळ्यात तर वेळा खूपच कमी होतात. म्हणून कुठल्याही दिवशी जा, आदल्या दिवशी त्यांच्या वेबसाइटवर त्या दिवसाची वेळ बघा. तुम्हाला माझा सल्ला विचाराल तर मधला वार धरा. शनिवार-रविवारी ऑक्टोबरात पानं बघायला येणाऱ्यांची रीघ असते, आणि शेजारच्या युरेका स्प्रिंग्ज गावात गाडी लावायला जागा शोधण्यात दिवसाचा चांगला तुकडा जातो.

गुडघ्यांबद्दल. गाडीतळापासून चॅपेलपर्यंत झाडीतून चालत जावं लागतं, मुद्दामच तसं ठेवलं आहे. अंतर लांब नाही. घाई केली नाहीत तर त्रास होऊ नये. ओली पानं पडलेल्या दगडावर पाय घसरतो, तेव्हा तळ पकड घेणारा बूट हवा आणि सवय असेल तर काठी. बाक लाकडी आहेत आणि मी तुम्हाला बराच वेळ बसायला सांगितलंय, तर एखादी शाल घडी करून बरोबर ठेवा. खरा त्रास होईल तो युरेका स्प्रिंग्ज गावात. गाव डोंगराच्या उतारावर आहे, रस्ते चढउतारांचे आणि जिथे तिथे पायऱ्या. जुनी घरं सुंदर आहेत, पण दोन्ही एकाच दिवशी पायी करायचा हट्ट धरू नका. बेंटनव्हिलकडून येताना चॅपेल गावाच्या अलीकडेच लागतं, ही सोय आहे. आधी चॅपेल, मग अंगात त्राण असेल तर गाव.

फोटोंबद्दल फार लिहीत नाही. मोबाइलला एक अडचण येते: बाहेर लख्ख उजेड आणि आत करडं लाकूड, त्यामुळे एकतर जंगल पांढरं फटक होतं नाहीतर कैच्या काळ्या. स्क्रीनवर एखाद्या कैचीवर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा आणि फोन उभा धरा, उंची तरच येते. बाहेरून काढताना काचेत झाडंच दिसतात आणि इमारत हरवते. पायवाटेवरून जरा दुरूनच, झाडांच्या मधून दिसते तेव्हा काढलेला फोटो जवळून काढलेल्यापेक्षा बरा येतो. ट्रायपॉड लावायचा विचार असेल तर आधी विचारा. आणि हे सगळं बसून झाल्यावर करा, आधी नाही.

आता ‘सुट्टीचा दिवस कशाला घालवता’ या मुद्द्याकडे येते. जाऊन-येऊन दोन तास गाडी, तासभर चॅपेल. सकाळी निघालात तर जेवायला परत घरी. अख्खा दिवस जात नाही, अर्धा जातो. उरलेल्या अर्ध्यात काय करायचं यावर मात्र माझं ठाम मत आहे. बेंटनव्हिलच्या उत्तरेला अगदी जवळ बेला व्हिस्टा आहे. तिथे जोन्स यांचंच, मॉरिस जेनिंग्ज यांच्याबरोबर केलेलं, मिल्ड्रेड कूपर मेमोरियल चॅपेल आहे, 1988चं. तेही झाडीत, तेही काचेचं. पण तिथे फळ्यांच्या सरळ फुल्या नाहीत, पोलादाच्या वळणदार टोकदार कमानी आहेत. घराजवळ म्हणून लोक कूपर आधी बघतात आणि मग थॉर्नक्राउन त्यांना रूक्ष वाटतं. उलट्या क्रमाने बघा. सरळ फळ्यांनी काय काय करता आलं हे डोळ्यात ताजं असताना पोलादाची कमान बघितली की तोच माणूस आठ वर्षांनी नवीन साहित्य हातात आल्यावर कसा वळला, हे आपोआप कळतं. मला विचाराल तर दोघांत थॉर्नक्राउन श्रेष्ठ. कूपर जास्त गोड आहे, पण थॉर्नक्राउनमध्ये प्रत्येक तुकडा तिथे का आहे याचं उत्तर मिळतं. कूपरलाही लग्नं पुष्कळ असतात, तेव्हा वेळ तिथलीही तपासा.

तिसरी जागा बेंटनव्हिलमध्येच आहे, क्रिस्टल ब्रिजेस म्युझियम. 2011 साली उघडलं, आर्किटेक्ट मोशे साफ्दी. नेहमीचा संग्रह बघायला तिकीट नाही. चित्रं बघाच, पण आवारात फ्रँक लॉइड राइट यांनी आखलेलं बाखमन-विल्सन घर आहे ते चुकवू नका. ते मुळात न्यू जर्सीतलं, नदीकाठचं, पुराच्या पाण्याने खराब होत चाललेलं. म्युझियमने ते तुकड्यातुकड्यांत सोडवून इथे आणलं आणि 2015 साली लोकांना खुलं केलं. म्हणजे गुरूचं घर आणि शिष्याची दोन चॅपेलं, सगळी तासाभराच्या टापूत. असा योग अमेरिकेत फार ठिकाणी नाही.

‘या खेपेला राहू द्या, पुढच्या वेळी बघू’ असंही मुलगा म्हणतोय असं तुम्ही लिहिलंय. मी तसं करणार नाही. कॅलिफोर्नियात समुद्राकाठी फ्रँक लॉइड राइट यांच्या मुलाने, लॉइड राइट यांनी, 1951 साली बांधलेलं वेफेरर्स चॅपेल होतं. तेही काच आणि लाकडाचं, भोवती रेडवुडची झाडं. खालची जमीन सरकायला लागली, 2024च्या फेब्रुवारीत ते बंद झालं आणि त्याच वर्षी मोडू नये म्हणून सोडवून ठेवावं लागलं. थॉर्नक्राउनची जमीन काही सरकत नाहीये, तसं घाबरायचं कारण नाही. पण तिथेही काही वर्षांपूर्वी जवळून मोठी विजेची लाइन न्यायचा बेत होता आणि लोकांनी आरडाओरडा केल्यावर तो बारगळला. या इमारती भोवतालच्या झाडांवर जगतात. झाडं कुणाच्या ताब्यात राहतील हे चॅपेलच्या हातात नसतं.

कुणी जाऊ नये हेही सांगते. लहान नातवंडं बरोबर असतील आणि ती अर्धा तास गप्प बसणारी नसतील, तर एकाने बाहेर झाडीत त्यांच्याशी खेळावं, दुसऱ्याने आत बसावं, मग अदलाबदल. सगळे मिळून आत गेलात तर कुणालाच काही मिळणार नाही. आणि ज्यांना चारच दिवसांत पाच शहरं करायची आहेत त्यांनी खरंच फोटोवर भागवावं.

दिवस मुलाच्या रजेवर ठरणार असेल तर एवढं बघा: क्रिस्टल ब्रिजेस मंगळवारी बंद असतं. म्हणून रजा मंगळवारची मिळाली तर सकाळी थॉर्नक्राउन, दुपारी घरी जेवण आणि थोडी झोप, चार वाजता बेला व्हिस्टाचं कूपर चॅपेल. म्युझियम बेंटनव्हिलमध्येच आहे, ते मुलगा कामावर गेल्यावर तुम्ही दोघं कुठल्याही दुसऱ्या दिवशी करू शकता. बुधवार-गुरुवार मिळाला तर कूपर दुसऱ्या दिवशीवर टाका आणि दुपारी राइट यांचं घर बघा. दोन्ही चॅपेलं एका दिवशी करायची तर मधे झोप हवीच, गुडघ्यांसाठी नाही, डोळ्यांसाठी.